बोन्साय : जुलूम की जोपासना?

‘बोन्साय’ हा शब्द मराठीत आला आणि पाहता पाहता त्याची शिवी झाली. मुलाला मैदानाऐवजी शिकवणीच्या वर्गात कोंडले की त्याचा बोन्साय होतो. सुनेला उंबरठ्याआत अडवले की तिचा बोन्साय होतो. इंग्रजी माध्यमाच्या रेट्यात मराठीचा बोन्साय होतो आणि पक्षश्रेष्ठींच्या सावलीत कार्यकर्त्याचा. धर्मग्रामातील कुटुंबमेळावा असो, महिला मंडळातील व्याख्यान असो वा काव्यसंग्रहाचे प्रकाशन असो, वक्त्याने हा शब्द उच्चारला की श्रोते माना डोलावतात. जिच्यावरून ही उपमा उचलली, त्या कुंडीतल्या झाडाचे खरोखर काय होते, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न आता विचारला पाहिजे. खोट्या उपमेमुळे दोन अनर्थ घडतात : ज्याच्यावर आळ येतो त्याच्यावर अन्याय होतो आणि खरा अपराधी सहीसलामत सुटतो. माझे म्हणणे सरळ आहे. जाणत्या हाताने कुंडीत सांभाळलेले झाड हा कोणाच्या जुलमाचा बळी नाही. जुलूम आहे तो दुर्लक्षात आणि सजीव झाडाला शोभेची वस्तू म्हणून विकण्यात व विकत घेण्यात. या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ मी एकच साक्षीदार उभा करणार आहे आणि तो म्हणजे एल्म.

एल्मच का, असे वाचक विचारतील. आपल्याकडच्या रोपवाटिकांतून बोन्साय म्हणून बहुधा वड-पिंपळाच्या कुळातील झाडे मिळतात. युरोप-अमेरिकेत मात्र नवशिक्याच्या हाती प्रथम पडते ते बहुतेक वेळा चिनी एल्म. चीन, तैवान, कोरिया आणि जपान हे त्याचे माहेर. पान लहान, काठाला दाते असलेले आणि तळाशी एक बाजू किंचित कमी असलेले. साल पापुद्र्यांनी सुटते आणि खालचा नारिंगी रंग उघडा पडतो. रानात तो पंधरा-वीस मीटर वाढतो, कुंडीत वीतभर उंचीवर समाधानाने राहतो. एल्मचे कूळ आपल्याला अगदीच परके नाही. महाराष्ट्रातील कोरड्या रानांत आणि रस्त्यांच्या कडेला उभा असणारा, उन्हाळ्यात चपट्या गोल पंखांची फळे वाऱ्यावर सोडणारा वावळ हा याच कुळातला. इंग्रजीत त्याला ‘भारतीय एल्म’ म्हणतात. शिवाय या एका वृक्षाच्या वाट्याला गेल्या शतकात जे आले, त्यावरून झाडावर माया म्हणजे काय आणि जुलूम म्हणजे काय याचा निवाडा जितका स्पष्ट होतो, तितका दुसऱ्या वृक्षावरून क्वचितच होईल.

प्रथम पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. बोन्सायवरील आक्षेप आपल्या वक्त्यांनी शोधून काढलेला नाही. चीनमध्ये छिंग राजवटीत गोंग झिझेन (१७९२-१८४१) नावाचा कवी व विचारवंत होऊन गेला. आजारी प्लमवृक्षांवरचा त्याचा लघुनिबंध १८३९ सालचा आहे. प्लमचे झाड वाकडे, तिरपे आणि विरळ असले तरच ते सुंदर, असा त्या काळच्या रसिकांचा दंडक होता. तो दंडक पैशाच्या लोभाने माळ्यांपर्यंत पोचला. मग त्यांनी सरळ फांद्या तोडल्या, भरगच्च फांद्या विरळ केल्या, कोवळे कोंभ मारले. गोंगने तीनशे कुंड्या विकत घेतल्या. त्यांत एकही झाड धड नव्हते. तो तीन दिवस रडला. नंतर त्याने कुंड्या फोडल्या, झाडे जमिनीत लावली, त्यांचे बंध सोडले आणि पाच वर्षांत ती बरी करण्याचा पण केला. त्याचा रोख झाडांवर नव्हता, हे वाचणाऱ्यांना कळत होते. ताठ उभ्या राहणाऱ्या बुद्धिमंतांना छाटून टाकणाऱ्या राज्यव्यवस्थेवर तो बोलत होता.

गोंगचा निबंध थोर आहे, आणि माणसांविषयी तो जे सांगतो ते मला मान्य आहे. मात्र त्याचा आधार घेऊन बोन्सायला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे दोन गोष्टी विसरतात. त्याची तक्रार बाजाराच्या आवडीसाठी झाडे घाऊक विद्रूप करणाऱ्यांविरुद्ध होती, जोपासनेविरुद्ध नव्हती. कुंड्या फोडल्यानंतर त्याने जे पत्करले, ती दीर्घकाळची जोपासनाच होती. दुसरी गोष्ट अशी की, माणसाचे दुःख सांगण्यासाठी झाडाची उपमा घेणे हा कवीचा अधिकार असला, तरी उपमा म्हणजे पुरावा नव्हे. बालपणी कोंडलेल्या मुलाचे बालपण परत येत नाही. एल्मचे तसे नाही. वीस वर्षे कुंडीत काढलेला एल्म मोकळ्या जमिनीत लावला, तर त्याची मुळे पसरतात आणि तो पुन्हा वृक्षाच्या उंचीकडे निघतो. कारण त्याच्या बीजात, त्याच्या प्रकृतीत काहीच बदललेले नसते. ज्याची वाट कायमची बंद होते अशा माणसाला, ज्याची वाट कधीच बंद होत नाही अशा झाडाची उपमा देणे हा विचाराचा आळस आहे.

आता प्रत्यक्ष काय केले जाते ते पाहू. दक्षिण चीनमधील ग्वांगडाँग प्रांतात कुंडीतील झाडांची लिंगनान नावाची परंपरा आहे आणि एल्म हे तिचे लाडके झाड. तिची रीत ‘वाढू द्या आणि छाटा’ या चार शब्दांत सांगता येते. फांदी प्रथम मोकळी सोडतात. ती हवी तशी लांब धावते, पाने धरते, अन्न साठवते, जाड होते. खोडाला शोभेल इतकी जाडी आली की ती आखूड छाटतात. छाटलेल्या टोकाजवळचा डोळा फुटतो, नवी फांदी निघते, तीही मोकळी सोडतात आणि वेळ आली की पहिलीपेक्षा आखूड छाटतात. अशा एकेका पेऱ्याला एक, दोन, कधी अधिक वर्षे लागतात. तळाशी जाड आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली, प्रत्येक पेऱ्याला दिशा बदलणारी फांदी तयार होते ती या रीतीने. हाँगकाँगचे बँक-व्यावसायिक वू यी-सन यांनी या परंपरेतील आपली झाडे १९८६ साली वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानाच्या संग्रहाला भेट दिली. तेव्हा पाश्चात्त्य जगाला कळले की, हे रूप वाढ अडवून येत नाही; वाढीला वेळ देऊन आणि मग तिला वळण लावून येते.

पुढची बारीक कामे याच तत्त्वाची. कोवळ्या फुटव्याला सहा-सात पाने येऊ देतात आणि मग तो दोन पानांवर खुडतात. शेंड्याचा डोळा हा घरातल्या थोरल्या भावासारखा असतो. तो जोरात असेपर्यंत बाजूचे डोळे झोपलेले राहतात. शेंडा खुडला की ते जागे होतात आणि एका फांदीच्या दोन, दोनांच्या चार होतात. फांद्या वाढल्या की पाने आपोआप लहान होतात. एल्मला हे सोसते, एवढेच म्हणणे अपुरे आहे. छाटणीला तो उत्साहाने उत्तर देतो. जुन्या, जाड, निष्पर्ण लाकडातूनही त्याला नवे कोंब फुटतात. द्राक्षाचा, गुलाबाचा वा मोगऱ्याचा मळा ज्याने केला आहे, त्याला यात नवल वाटणार नाही. छाटणीवाचून मोगरा कमी बहरतो, हे वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना ठाऊक आहे. बोन्सायवर टीका करणाऱ्या वक्त्यांना तेवढे ठाऊक नाही.

सर्वांत मोठा आक्षेप मुळांचा. ‘मुळे तोडतात, उपाशी ठेवतात, जुन्या काळी चिनी मुलींचे पाय बांधीत तसे बांधतात’, असे सांगितले जाते. यातील प्रत्येक शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. एल्म दर दोन-तीन वर्षांनी, वसंतात डोळे फुगू लागले की, कुंडीतून काढतात. मुळांचा साधारण तिसरा हिस्सा छाटून ताज्या, निचऱ्याच्या मातीत पुन्हा लावतात. कापलेल्या जाड मुळाच्या टोकाशी बारीक तंतुमुळांचा झुबका येतो. पाणी व क्षार शोषण्याचे काम तीच करतात. बांधलेल्या पायाचे हाड मोडते आणि मोडलेलेच राहते. कापलेले मूळ नव्याने फुटते. उलट, छाटणी न करता झाड वर्षानुवर्षे त्याच कुंडीत राहू दिले, तर मुळे काठाने गोल फिरून एकमेकांना आवळतात, माती दगडासारखी होते आणि झाड पाण्यावाचून सुकते. म्हणजे कात्री ही त्याची सुटका आहे, आणि तिची दया येऊन हात आखडणे ही त्याची शिक्षा. उपासमारीचे म्हणाल तर वाढीच्या हंगामात एल्मला नियमाने खत द्यावे लागते, कारण ओंजळभर मातीत साठा तो किती असणार? उन्हाळ्यात दिवसातून एकदा, कधी दोनदाही पाणी घालावे लागते. उपाशी ठेवलेल्या एल्मचा बोन्साय होत नाही, सरपण होते.

फांदीभोवती तार गुंडाळतात, हे मात्र खरे. कोवळ्या फांदीला दिशा द्यायची, ती दिशा तिने धरली की तार काढून घ्यायची, असा तिचा नियम आहे. तार वेळेवर काढली नाही तर ती सालीत रुतते आणि तो व्रण वर्षानुवर्षे दिसतो. म्हणून चांगला जोपासक तारेपेक्षा नजरेवर भर देतो. आणि एल्मच्या बाबतीत तर नुसत्या छाटणीनेही बरेच साधते.

‘झाडाला निसर्गात जसे वाढायचे तसे वाढू द्या’, हा उपदेश ऐकायला गोड वाटतो. इंग्लंडमधील एल्मची कथा या उपदेशाला चोख उत्तर देते. इंग्लंडचे खेडे म्हटले की उंच एल्मची रांग डोळ्यांपुढे येत असे; जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराने एल्मच्या नुसत्या खोडाचाही मन लावून अभ्यास रंगवला आहे. त्या भूमीचे नैसर्गिक लेणे म्हणून मिरवलेला हा वृक्ष मुळात कोण होता? स्पेन व ब्रिटनमधील एल्मच्या आनुवंशिक तपासणीवरून २००४ साली असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, इंग्लिश एल्म हा रोमन लोकांनी इटलीतून नेलेल्या एकाच झाडाचा विस्तार आहे. हे झाड बियांपेक्षा मुळांच्या फुटव्यांवरच पसरते; त्यामुळे त्या देशातले असंख्य एल्म म्हणजे एकाच झाडाच्या पुनरावृत्ती होत्या. रोमनांनी तो नेला कशासाठी? द्राक्षवेल चढवण्यासाठी. पहिल्या शतकातील कृषिलेखक कोलुमेला याने या कामासाठी ‘अतिनियन’ एल्मची शिफारस केली आहे. वेलीला ऊन मिळावे म्हणून हे एल्म छाटून आटोक्यात ठेवीत आणि छाटलेला पाला गुरांना घालीत. ज्याला पाहून कवी निसर्गाचे गोडवे गात, तो एल्म माणसाच्या कोयत्याखालीच लहानाचा मोठा झाला होता.

या छाटलेल्या एल्मला आपल्या ख्रिस्ती वाङ्मयातही मानाचे स्थान आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथात एल्म आणि द्राक्षवेलीचा दाखला येतो. वेल जमिनीवर लोळत राहिली तर तिला थोडे व कुजके फळ येते. एल्मवर चढली तर ती लगडते. एल्मला स्वतःचे खाण्याजोगे फळ नाही, तरी वेलीच्या फळाचा तोही वाटेकरी होतो. श्रीमंत हा एल्म आणि गरीब ही वेल : एक आधार देतो, दुसरा प्रार्थनेचे फळ देतो, आणि दोघांचे एकमेकांवाचून चालत नाही. दाखला सांगणाऱ्याच्या मनात छाटलेल्या एल्मविषयी कीव नाही. ज्या परंपरेत पहिल्या माणसाला बाग मशागतीसाठी व राखणीसाठी सोपवली गेली आणि ज्या परंपरेत फळ देणाऱ्या फांदीची छाटणी हे पित्याच्या प्रेमाचे काम मानले गेले, त्या परंपरेच्या लेकरांनी कात्री पाहताच ‘जुलूम’ म्हणून ओरडावे, हे मला विपरीत वाटते.

एल्मवर खरा घाला आला तो वेगळ्याच दिशेने. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पश्चिम युरोपात एल्म अकस्मात वाळू लागले. या रोगाला ‘डच एल्म रोग’ म्हणतात, कारण त्याचा छडा हॉलंडमध्ये लागला. बेआ श्वार्झ या तरुण संशोधिकेने रोगाच्या मुळाशी एक बुरशी असल्याचे त्या दशकानंतर लगेच दाखवले आणि क्रिस्टीन बाउझमन हिने १९२७ साली ते निर्विवाद सिद्ध केले. ही बुरशी सालीखाली अंडी घालणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अंगावर बसून झाडोझाड फिरते. ती आत शिरली की झाड तिला अडवण्यासाठी आपल्याच जलवाहिन्यांची तोंडे बंद करते आणि त्या बचावातच तहानेने मरते. ती पहिली साथ पुढे काहीशी ओसरली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तर अमेरिकेतून आलेल्या एल्मच्या ओंडक्यांबरोबर तिची अधिक उग्र बहीण ब्रिटनच्या बंदरांत उतरली. काही दशकांत एकट्या ब्रिटनमध्ये अडीच कोटींहून अधिक एल्म मेले. ब्रायटन शहरात रोगट फांद्यांवर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवल्यामुळे बरेच एल्म वाचले. तेथील प्रेस्टन उद्यानात चारशे वर्षांहून जुनी जुळी झाडे उभी होती. त्या जोडीतील एक २०१९ साली याच रोगापायी तोडावे लागले.

या संहारात ब्रिटनच्या शेताशेतांतून इंग्लिश एल्म टिकला तो कोठे? छाटलेल्या कुंपणांत. मेलेल्या वृक्षांच्या मुळांतून फुटवे येत राहिले. मोकळे सोडलेले फुटवे उंच व जाड झाले की भुंगेरे त्यांच्याकडे वळतात आणि ते पुन्हा मरतात. कुंपण म्हणून दरवर्षी छाटून खांद्याएवढे ठेवलेले एल्म मात्र हिरवेगार आहेत, कारण भुंगेरे सहसा उंच झाडांचा माग घेतात, बुटक्या कुंपणाकडे फिरकत नाहीत. इंग्लंडमधील कित्येक बोन्साय-जोपासकांनी असेच फुटवे उचलून कुंडीत वाढवले आहेत. बोन्सायने एल्मवंश तारला, असा दावा मी करीत नाही. रोगाला दाद न देणारी झाडे निपजवण्याचे काम शास्त्रज्ञांनी केले आहे आणि चिनी एल्म स्वभावतःच या रोगाला पुष्कळ अंशी पुरून उरतो. माझा मुद्दा इतकाच की, ज्या भूमीत मोकळा सोडलेला एल्म जगू शकला नाही, तेथे छाटणाऱ्या हाताखालचा एल्म जगला. ‘छाटणी म्हणजे मरण’ असे म्हणणाऱ्याने त्या कुंपणाकडे एकदा पाहावे.

आणि जुलूम पाहायचाच असेल तर युरोपपर्यंत जाण्याचेही कारण नाही. आपल्याच हिमालयात, काश्मीरपासून पूर्वेकडे, हिमालयीन एल्म वाढतो. हॉलंडमधील संशोधक हान्स हेब्रुक १९६० साली याच्या शोधात हिमालयात आला होता आणि याच्या रक्ताची प्रतिकारशक्ती डच संशोधकांनी आपल्या नव्या एल्ममध्ये उतरवली. युरोपच्या एल्मला ज्याने बळ दिले, तो आज स्वतः धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे, कारण गुरांच्या चाऱ्यासाठी त्याच्या फांद्या वर्षानुवर्षे ओरबाडल्या जातात आणि झाडाला फुलण्या-फळण्याची उसंतच मिळत नाही. डोंगरातल्या गरीब गुराख्याला मी दोष देणार नाही. त्याच्या गोठ्यातली गाय उपाशी आहे. तरीही फरक ध्यानात घ्यावा. रोमन शेतकरीही पाल्यासाठीच छाटत होता, पण झाडाला सावरायला वेळ देत होता. कोयता तोच, जोपासना आणि जुलूम यांच्यामधली रेघ त्या वेळाची आहे. आमच्या शहरांत तर तेवढेही कारण नसते. पदपथावरच्या झाडाच्या खोडाला भिडवून काँक्रीट ओततात, पावसाळ्यापूर्वी एका बाजूच्या सगळ्या फांद्या उडवतात, खिळे ठोकून जाहिराती लटकवतात. त्या झाडाखालून चालत सभागृहात जायचे आणि तेथे कुंडीतल्या झाडासाठी गहिवरायचे, ही दया फार स्वस्त आहे.

आता खऱ्या अपराध्याकडे वळतो. चीनच्या दक्षिणेकडील शेतांतून एल्मची रोपे हजारोंनी वाढवतात, त्यांच्या खोडाला एकाच साच्यातला नागमोडी आकार देतात आणि जहाजांतून युरोपला पाठवतात. तेथे ती मोठ्या दुकानांतून मेणबत्त्या आणि फुलदाण्यांच्या शेजारी विकली जातात. कधी त्यांच्यावर ‘झेल्कोव्हा’ या भलत्याच झाडाचे नाव असते. बऱ्याचदा मातीच्या वर खडे गोंदाने चिकटवलेले असतात, म्हणजे प्रवासात माती सांडू नये. परिणाम असा की पाणीही आत मुरत नाही. आणि चिठ्ठी असते : ‘घरात ठेवण्याचे झाड’. एल्म हे उघड्या आभाळाचे झाड आहे. त्याला ऊन हवे, वारा हवा, थंडीत विसावा हवा. बंद, तापवलेल्या खोलीत त्याची पाने गळतात, लाल कोळी लागतो, आणि ज्याला ते प्रेमाने भेट दिले तो काही महिन्यांत वाळलेली काडी कचऱ्यात टाकतो. आपली कितीतरी मुले-मुली आज त्या देशांत नोकरीला आहेत. त्यांच्या खिडकीतही असे एखादे झाड शेवटच्या घटका मोजत असेल. आपल्याकडे झाड बदलते, धंदा तोच राहतो. लग्नाच्या रौप्यमहोत्सवाला वा नव्या घराच्या आशीर्वादविधीला चकचकीत कागदात गुंडाळलेला बोन्साय आणायचा, दूरचित्रवाणी संचावर ठेवायचा आणि विसरायचा. याला मी जुलूम म्हणतो. या व्यापाराची किंमत केवळ कुंडीतल्या झाडाला मोजावी लागत नाही. ज्या ओंडक्यांनी ब्रिटनचे एल्म मारले तेही व्यापाराचे ओंडके होते. सजीव रोपांची घाईगर्दीची ने-आण अजूनही किडी आणि रोग देशोदेशी पोचवते.

शेवटचा आक्षेप श्रीमंतीचा : माणसे उपाशी असताना झाडांचे एवढे लाड कशाला? या आक्षेपाचा मला आदर आहे. पण त्याचे उत्तर या कलेच्या पूर्वजांनीच देऊन ठेवले आहे. जपानमध्ये कुंडीतल्या झाडांवर एक जुने नो-नाट्य आहे. बर्फाच्या रात्री एका दरिद्री सामुराईच्या दारी वाटसरू येतो. घरात सरपण नाही. सामुराईपाशी वैभवाच्या दिवसांतली तीन झाडे उरलेली आहेत : प्लम, चेरी आणि पाइन. तो ती तोडून पाहुण्यासाठी शेकोटी पेटवतो. झाडावर जीव लावावा आणि माणूस थंडीने कुडकुडत असेल तर ते झाड त्याच्यासाठी जाळावे, हा क्रम त्या नाटकाने स्पष्ट केला आहे. शिवाय एल्म जोपासायला पैसा लागत नाही. कुंडी बदलताना कापलेला पेन्सिलीएवढा जाड मुळाचा तुकडा वरचे टोक किंचित उघडे ठेवून मातीत खोचला, तरी त्याला कोंब फुटतो. पैशाने विकत मिळत नाही तो वेळ. वॉशिंग्टनच्या त्याच वृक्षोद्यानात एक पाइन आहे, १६२५ सालापासून कुंडीत जोपासलेले. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ते स्फोटापासून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या आवारात भिंतीआड उभे होते आणि वाचले. १९७६ साली त्या कुटुंबाने ते अमेरिकेला, ज्या देशाने बाँब टाकला त्या देशाला, भेट दिले. चारशे वर्षे रोज कोणीतरी त्या झाडाला पाणी घातले आहे. यात जुलूम शोधून काढायला फार वेगळी दृष्टी लागेल.

म्हणून दोन विनंत्या आहेत. वाचकांना विनंती अशी की, भेट म्हणून बोन्साय देऊ नका. ज्याला जोपासायचे आहे त्याने स्वतः रोप घ्यावे आणि गच्चीत वा खिडकीबाहेर ऊन-वारा आहे का हे आधी पाहावे. तेवढी सवड नसेल तर जमिनीत एखादा वावळ लावावा आणि त्याच्या बुंध्याशी काँक्रीट येऊ देऊ नये. वक्त्यांना विनंती अशी की, मुलांना कोंडले जात असेल तर ‘कोंडले’ म्हणा, बायकांना दडपले जात असेल तर ‘दडपले’ म्हणा. या शब्दांत पुरेसे बळ आहे. बोन्सायची उपमा द्यायचीच असेल तर ती तिच्या खऱ्या अर्थाने द्या. ज्याच्या वाढीकडे कोणी रोज पाहिले, ज्याला वेळेवर पाणी घातले, वेळेवर छाटले आणि वेळेवर बंध सोडून मोकळे केले, त्या मुलाला म्हणा हवे तर बोन्साय. असे मूल आपल्या घरांत किती आहे, हा प्रश्न झाडांच्या कीवेपेक्षा अधिक अवघड आहे. कदाचित म्हणूनच तो टाळून आपण झाडासाठी अश्रू ढाळीत असतो.